बक्षीस सर्वांत शेवटी: कर्मचाऱ्याचा कामातला उत्साह परत आणण्याचा क्रम

गोव्यातल्या कारखान्यांत, हॉटेलांत, दुकानांत आणि कार्यालयांत ज्यांच्या देखरेखीखाली पाच-पंचवीस माणसे काम करतात, त्या सुपरवायझरांसाठी आणि विभागप्रमुखांसाठी हा लेख आहे. कालपर्यंत शेजारच्या टेबलावर काम करणारा माणूस आज सुपरवायझर होतो, तेव्हा त्याला यंत्राची, मालाची आणि कागदपत्रांची माहिती असते, पण माणसांचे काम कसे घ्यावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. त्यामुळे एखाद्याचे मन कामातून उडाले आहे असे दिसले की तो बहुधा तीनपैकी एक गोष्ट करतो: पाळीच्या सुरुवातीला सगळ्यांना उभे करून भाषण देतो, एखादे बक्षीस जाहीर करतो किंवा त्या माणसाला चारचौघांत सुनावतो. सुनावण्याचा उपयोग कधीच होत नाही. चार शब्द बोलणे आणि बक्षीस देणे यांना जागा आहे, पण ती शेवटची आहे.

खाली दिलेला क्रम म्हणूनच महत्त्वाचा आहे. आधी कामातला अडथळा, मग काम येते की नाही, मग न्याय, मग एकट्याशी बोलणे, त्यानंतर ध्येय, मोकळीक आणि प्रतिसाद, आणि सर्वांत शेवटी बक्षीस. मधला टप्पा गाळून पुढे गेल्यास पुढचा टप्पा उलटा परिणाम करतो. ज्याचे यंत्र रोज दोनदा अडकते त्याला "महिन्याचा उत्तम कामगार" हे प्रमाणपत्र दाखवले, तर आपली थट्टा चालली आहे असेच त्याला वाटणार.

तयारी: विशेषणे खोडून नोंदी करणे

एक साधी वही घ्यावी आणि दोन आठवडे फक्त नोंदी कराव्यात. या काळात कोणाशी बोलू नये, काही जाहीर करू नये, वरिष्ठांकडे तक्रारही नेऊ नये. नोंद अशी असावी की कॅमेऱ्याला जे दिसले असते तेवढेच तिच्यात येईल. "आळशी", "सुशेगाद", "बेफिकीर", "अंगचोर" हे शब्द वहीत आले तर खोडावेत आणि त्यांच्या जागी तारीख, वेळ आणि घटना लिहावी. "मंगळवार, दुसरी पाळी: बॅच बदलताना लाइन क्लिअरन्सला पंचवीस मिनिटे उशीर. यंत्राजवळ दोन जण, तिसरा स्टोअरमध्ये गेलेला." (लाइन क्लिअरन्स म्हणजे नवी बॅच सुरू करण्याआधी जुन्या बॅचचा माल लाइनवर उरलेला नाही याची खात्री करणे.) अशी नोंद उपयोगाची असते, कारण तिसरा माणूस स्टोअरमध्ये का गेला होता हा पुढचा प्रश्न तिच्यातूनच निघतो.

याचे कारण माणसाच्या विचार करण्याच्या सवयीत आहे. दुसऱ्याचे वागणे पाहताना आपण त्याच्या स्वभावाला जास्त आणि परिस्थितीला कमी महत्त्व देतो; स्वतःच्या बाबतीत मात्र बस चुकली, स्टाफ कमी होता ही कारणे आपल्याला लगेच दिसतात. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या सवयीला मूलभूत गुणारोपणातली चूक म्हटले. सुपरवायझरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडून ती अधिक सहज होते, कारण त्याला निकाल दिसतो, पण त्या निकालापर्यंतची धडपड दिसत नाही.

नोंदींच्या शेजारी दिनदर्शिकाही ठेवावी. चवथ, शिगमो, नाताळ, गावची जत्रा, मुलांच्या परीक्षा, पावसाळ्यात बंद पडलेली बस, हॉटेलचा ऐन हंगाम आणि त्यानंतरचा थकवा यांचा कामावर परिणाम होतो. डिसेंबरच्या अखेरीस सलग जादा ड्युटी केलेला माणूस जानेवारीत मंद दिसला, तर त्याला प्रेरणेची नव्हे, झोपेची गरज असते.

इशारा: वही उद्या त्याच माणसाच्या हाती पडली तरी लाज वाटू नये अशा भाषेत लिहावी. कोणाच्या घरच्या गोष्टी, आजार किंवा जातधर्म यांच्या नोंदी करू नयेत.

तपासणी: दोन आठवड्यांच्या शेवटी वही वाचून पाहावी. एकच वागणे तीन-चार माणसांच्या नावापुढे दिसत असेल, तर प्रश्न एका माणसाचा नाही. तो पद्धतीचा आहे, आणि त्याचे उत्तर पहिल्या दोन टप्प्यांतच सापडण्याची शक्यता मोठी आहे.

टप्पा १: अडथळा शोधणे

प्रत्यक्ष कामाच्या जागी एक पूर्ण पाळी उभे राहावे. चौकशी करू नये, सूचना देऊ नयेत, फक्त पाहावे. माणूस कशासाठी थांबतो, कोणाची वाट पाहतो, कोणती वस्तू शोधतो आणि एकच काम दोनदा का करतो, या चार गोष्टींवर लक्ष ठेवावे.

किनारपट्टीवरच्या हॉटेलांतले एक उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. हाऊसकीपिंगची मुले खोल्या वेळेत तयार करत नाहीत आणि मजल्यावर दिसतच नाहीत, अशी तक्रार सुपरवायझर करतो. पाळीभर ट्रॉलीमागे चालले की वेगळेच दिसते. पावसाळ्यात लॉन्ड्रीतून चादरी आणि टॉवेल उशिरा येतात, त्यामुळे प्रत्येक जण मिळेल तेवढा माल पँट्रीत मागच्या फळीवर दडवून ठेवतो. परिणामी एका मजल्यावर चादरी पडून राहतात, दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा जिन्याने खालीवर शोधत फिरतो आणि मजल्यावर कोणी दिसत नाही. दडवणारा मुलगा कामचुकार नसतो. उलट आपल्या खोल्या वेळेत तयार व्हाव्यात अशी काळजी त्यालाच सर्वांत जास्त असते. इथे भाषणाने काही होणार नाही. मजल्यागणिक चादरींची ठरलेली संख्या, ती मोजून देण्याची वेळ आणि लॉन्ड्रीशी बोलून घेतलेला खात्रीचा तास एवढ्यानेच अर्धा प्रश्न सुटतो.

सापडलेल्या अडथळ्यांचे दोन भाग करावेत: जे सुपरवायझर स्वतः त्या आठवड्यात दूर करू शकतो ते, आणि ज्यांसाठी वरून मंजुरी लागते ते. पहिल्या भागातला निदान एक अडथळा, कोणाशीही बोलण्याआधी, गाजावाजा न करता दूर करावा. पुढच्या संवादात माणूस मोकळेपणाने बोलणार की नाही हे बऱ्याच अंशी याच कृतीवर ठरते.

तपासणी: अडथळा दूर झाल्यावर आठवडाभर थांबावे. काम सुधारले असेल, तर इथेच थांबावे. उरलेले टप्पे उगाच राबवू नयेत.

टप्पा २: येत नाही की करत नाही, हे वेगळे करणे

एक साधी कसोटी पुरते. नोकरी पणाला लागली असती, तर या माणसाला हे काम नीट करता आले असते का? उत्तर "नाही" असेल, तर प्रश्न शिकवण्याचा आहे. वेर्णा, कुंडई किंवा पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत कामाच्या सूचना बहुधा इंग्रजीत लिहिलेल्या असतात, तर समोरचा कामगार कन्नड, ओडिया, हिंदी किंवा मराठी वाचणारा असतो. सूचना वाचल्याची सही तो करतो, कारण वाचता आले नाही असे सांगणे त्याला कमीपणाचे वाटते. अशा माणसाला करून दाखवावे, त्याच्याकडून करवून घ्यावे आणि मग त्याने दुसऱ्याला समजावून सांगावे असे करावे.

शिकाऊ माणसाला मोकळे सोडणे आणि मुरलेल्या माणसाच्या मागे उभे राहून प्रत्येक हालचाल तपासणे, या दोन्ही चुका सारख्याच प्रमाणात होतात. नव्याला पावलोपावली मार्गदर्शन हवे असते. अनुभवी माणसाला तेच मार्गदर्शन अविश्वासासारखे वाटते. बढती मिळालेला सुपरवायझर आपल्या जुन्या सोबत्यांवरच सर्वांत जास्त नजर ठेवतो आणि त्यांचा उत्साह स्वतःच्याच हाताने घालवतो.

टप्पा ३: हिशेब आणि न्याय

हा टप्पा लांबणीवर टाकला जातो, कारण तो अवघड आहे. पण इथे घाई केली, तर पुढचे सगळे वाया जाते.

माणूस आपला मोबदला एकट्याने मोजत नाही. आपण किती घालतो आणि आपल्याला किती मिळते, याची तुलना तो शेजारच्याशी करतो. जे. स्टेसी अॅडम्स याने १९६०च्या दशकात मांडलेल्या समतेच्या सिद्धांताचे सार हेच आहे. तुलनेत आपल्यावर अन्याय होतो असे वाटले, की माणूस बहुतेक वेळा भांडत नाही. तो गुपचूप आपले कष्ट कमी करतो आणि हिशेब जुळवतो. सुपरवायझरला जो निरुत्साह दिसतो, तो अनेकदा हा जुळवलेला हिशेब असतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्गमधल्या अभियंत्यांच्या आणि लेखापालांच्या मुलाखतींवरून एक भेद मांडला. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक आणि कामाची परिस्थिती वाईट असली, की माणूस नाराज होतो. पण त्या चांगल्या असल्या म्हणजे तो उत्साहाने काम करतोच असे नाही. उत्साह येतो तो काम तडीस नेल्याच्या समाधानातून, मिळालेल्या ओळखीतून आणि जबाबदारीतून. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, तरी सुपरवायझरला त्यातून एक उपयोगी क्रम मिळतो: आधी नाराजी घालवावी, मग उत्साहाचे पाहावे.

गोव्यात हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो चवथीच्या आणि नाताळच्या रजेवरून. चवथीला घरी जायचे नाही हे इथल्या माणसाला पटणारे नाही, आणि नाताळ नेमका हॉटेलांच्या ऐन गर्दीत येतो. ओडिशाच्या किंवा झारखंडच्या माणसाला सणापुरती दोन दिवसांची रजा देऊन उपयोग नसतो, कारण तेवढे दिवस प्रवासातच जातात. सावंतवाडीहून किंवा दोडामार्गाहून रोज येणाऱ्याला रजेपेक्षा शेवटची बस मिळेल अशी पाळी हवी असते. सर्वांना सगळे देता येत नाही हे कामगारांनाही कळते. त्यांना खटकते ते वेगळेच: कोणाला काय मिळणार हे कसे ठरले, ते कोणी सांगत नाही.

त्यासाठी पुढीलप्रमाणे करावे. गेल्या तीन वर्षांची हजेरीपत्रके काढून चवथ, नाताळ, ईद, शिगमो आणि वर्षअखेर या दिवसांत कोण कामावर होते याचा तक्ता करावा. तक्त्यात तीच ती नावे दिसली, तर अन्याय तिथेच सापडला. मग फिरत्या पाळीचा नियम लिहावा, सणाच्या निदान दोन महिने आधी तो फलकावर लावावा, आपसात अदलाबदल करण्याची मुभा ठेवावी आणि मित्रासाठी तो एकदाही वाकवू नये. टिप्सच्या पेटीचेही असेच आहे. वेटर पाहुण्याच्या समोर असतो, भांडी घासणारा मागे असतो. वाटपाचा नियम कागदावर नसेल, तर मागच्या माणसाचे मन कामात राहणार नाही.

कायम आणि कंत्राटी कामगारांच्या पगारातला फरक सुपरवायझरच्या हाती नसतो, हे मान्य करायला हवे. पण कंत्राटी माणसाला कॅन्टीनमध्ये नंतर बसवणे, त्याला जुने हातमोजे देणे, त्याला नावाऐवजी ठेकेदाराच्या नावाने हाक मारणे हे सगळे त्याच्या हाती असते, आणि ते लगेच थांबवता येते.

वाईट बातमी सांगावी लागली, तर कारणासह आणि पूर्ण सांगावी. जेराल्ड ग्रीनबर्ग याने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अमेरिकी कंपनीच्या अभ्यासात काही कारखान्यांत पगार तात्पुरता १५ टक्के कापला गेला होता. जिथे व्यवस्थापनाने कारणे सविस्तर सांगितली आणि मनापासून खेद व्यक्त केला, तिथे चोऱ्या थोड्या वाढल्या. जिथे थोडक्यात कळवून विषय संपवला, तिथे त्या पुष्कळच जास्त वाढल्या. कपात दोन्हीकडे सारखीच होती.

इशारा: पगाराची रास्त तक्रार निघाली, तर ती लेखी वर पाठवावी आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल ती तारीख त्या माणसाला सांगावी. उत्तर "नाही" असले तरी त्या तारखेला जाऊन स्वतः सांगावे. "बघू या" हे उत्तर नकारापेक्षा वाईट असते.

टप्पा ४: एकट्याशी बोलणे

आता, आणि आताच, त्या माणसाशी बोलावे. वेळ पाळीच्या मध्याची घ्यावी. पाळी संपताना त्याचे लक्ष बसकडे असते. जागा अशी असावी की इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही. केबिनमध्ये टेबलाच्या पलीकडे बसण्यापेक्षा कॅन्टीनचा रिकामा कोपरा बरा. भाषा रोजचीच ठेवावी: एरवी कोकणीत किंवा मराठीत बोलणारा सुपरवायझर त्या दिवशी इंग्रजीत सुरू झाला, की समोरचा माणूस ती चौकशी समजतो. वयाने मोठ्या माणसाशी बोलताना पदाचा टेंभा मिरवू नये, आणि नेहमी "काका" म्हणत असाल तर त्या दिवशीही "काका"च म्हणावे.

सुरुवात वहीतल्या एका नोंदीने करावी, तक्रारीने करू नये. उदाहरणार्थ: "काका, गेल्या दोन आठवड्यांत चार वेळा बॅच बदलताना लाइन क्लिअरन्सला उशीर झाला. आधी तुमच्या पाळीत असे होत नसे. काय अडते आहे ते मला समजून घ्यायचे आहे." एवढे बोलून थांबावे. ही शांतता सुपरवायझरला सहन होत नाही आणि तो स्वतःच उत्तर पुरवू लागतो: "घरी काही अडचण आहे का? तब्येत बरी नाही का?" समोरचा माणूस मग सोयीचे उत्तर उचलतो आणि खरे कारण तसेच राहते. मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत, पण गप्प राहावे.

उत्तर ऐकताना तीन गोष्टी शोधाव्यात. कष्ट केले तर काम जमेल असे त्याला वाटते का? काम जमले तर त्यातून काही मिळेल यावर त्याचा विश्वास आहे का? आणि जे मिळणार ते त्याला हवे आहे का? व्हिक्टर व्रूम याने १९६४ मध्ये मांडलेल्या अपेक्षा सिद्धांताचा गाभा या तीन प्रश्नांत आहे, आणि त्यांचा संबंध गुणाकाराचा आहे: तिन्हींपैकी एक जरी शून्य झाले, तरी उरलेली दोन कितीही मोठी असली तरी उपयोग नाही. सुपरवायझरच्या पदासाठी तीन वर्षे ताटकळलेल्या माणसाचा बहुधा दुसऱ्या प्रश्नावरचा विश्वास उडालेला असतो. पन्नाशीच्या, गावात बागायत सांभाळणाऱ्या माणसाला बढती नकोच असते. त्याला सकाळची ठरलेली पाळी हवी असते. बढतीचे आमिष त्याच्यावर चालणार नाही.

शेवटी दोघांनी मिळून दोनच गोष्टी ठरवाव्यात: सुपरवायझर काय करणार आणि तो माणूस काय करणार. दोन्हींना तारीख असावी.

इशारा: बोलण्यात लैंगिक छळाची तक्रार पुढे आली, तर ती स्वतः मिटवण्याचा प्रयत्न करू नये. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तक्रारदार महिलेला त्या समितीकडे जाण्यास मदत करावी. चोरी, मारामारी आणि व्यसन यांचाही मार्ग वेगळा आहे. हा क्रम त्यांच्यासाठी नाही.

टप्पा ५: ध्येय नेमके करणे

"जरा मन लावून करा" हे ध्येय नव्हे. गॅरी लॅथम आणि जेम्स बाल्डिस यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शक्य तेवढा माल भरा असे सांगितले जात होते, तेव्हा ट्रक कायदेशीर क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच भरत. ९४ टक्के हा आकडा ठरवून दिल्यावर भार ९० टक्क्यांपलीकडे गेला. पैसे दिले गेले नव्हते, फक्त तोंडी शाबासकी होती. आणि आकडा गाठला नाही म्हणून शिक्षा होणार नाही हे आधीच सांगितले होते. हा शेवटचा भाग आपल्याकडे नेहमी गळतो.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. काम नवे असेल, तर उत्पादनाचा आकडा देऊ नये, शिकण्याचे ध्येय द्यावे: "या आठवड्यात यंत्राची सेटिंग न विचारता करता यायला हवी." आणि जे मोजले जाते तेच होते, हे विसरू नये. खोल्यांची संख्या मोजली, तर पलंगाखाली कोणी झाडणार नाही. म्हणून संख्येसोबत गुणवत्तेचा एक आकडा, म्हणजे परत कराव्या लागलेल्या खोल्या किंवा गोळ्यांच्या नाकारलेल्या स्ट्रिप्स, नेहमी जोडावा.

टप्पा ६: मोकळीक देणे

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीनुसार माणसाच्या आतल्या प्रेरणेला तीन गोष्टींचे खतपाणी लागते: स्वतः निर्णय घेता येणे, काम जमते आहे याची जाणीव आणि सोबतच्या माणसांशी आपुलकी. यातली पहिली गोष्ट सुपरवायझर सर्वांत कमी देतो, कारण सूट दिली तर शिस्त जाईल अशी त्याला भीती वाटते.

औषध कारखान्यात लिखित कार्यपद्धतीच्या बाहेर कोणालाही जाता येत नाही, आणि जाऊही नये. तरीही ठरवण्यासारखे बरेच उरते: लाइनवर कोण कोणत्या जागी किती वेळ बसेल, चहाची सुट्टी कोणत्या क्रमाने घ्यायची, बॅच बदलताना कामाची वाटणी कशी करायची, नव्या मुलाला कोणी शिकवायचे. हे निर्णय गटाकडे सोपवावेत आणि एकदा सोपवल्यावर परत घेऊ नयेत. जिथे मोकळीक देता येत नाही, तिथे निदान कारण सांगावे. "नियम आहे" हे कारण नव्हे; "जुन्या बॅचची एक गोळी जरी नव्या पाकिटात गेली, तरी चुकीचे औषध रुग्णाच्या पोटात जाईल" हे कारण आहे.

आपले काम कोणाच्या उपयोगी पडते हे दिसले, की कामाला अर्थ येतो. अॅडम ग्रँट याच्या २००७च्या प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांची त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटांची भेट घालून दिली. महिन्याभरानंतर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून अधिक झालेला दिसला. हॉटेलात परत येणाऱ्या पाहुण्याने हाऊसकीपिंगबद्दल लिहिलेल्या दोन ओळी रिसेप्शनवर राहतात, त्या मजल्यावर पोहोचतच नाहीत. त्या वाचून दाखवायला काही खर्च येत नाही.

टप्पा ७: प्रतिसाद देणे आणि चूक ऐकून घेणे

अभिप्राय दिला की काम सुधारतेच असे नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी अभिप्रायानंतर काम बिघडलेले आढळले. त्यांच्या मते, लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेले की असे होते. म्हणून बोलणे कामाबद्दल असावे. "तुम्ही हुशार आहात" यापेक्षा "पाकीट सील करण्याचे तापमान तुम्ही वेळेत पाहिले म्हणून बॅच वाचली" हे वाक्य जास्त काम करते. "तू निष्काळजी आहेस" हे वाक्य तर कोणत्याही कामाचे नाही.

प्रतिसाद त्याच पाळीत द्यावा. स्तुती चारचौघांत करण्याआधी त्या माणसाला ती आवडेल का हे पाहावे. काहींना सोबत्यांसमोरची स्तुती अडचणीची वाटते. सुधारणा मात्र नेहमी एकट्यालाच सांगावी.

माणसे आपली चूक आपणहून येऊन सांगतात का, ही याच टप्प्याची खरी परीक्षा आहे. एमी एडमंडसन हिने १९९६ मध्ये रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास मांडला, तेव्हा चांगल्या नेतृत्वाच्या विभागांत चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे. तिथे त्या सांगायला कोणी घाबरत नव्हते. पहिल्यांदा कोणी चूक सांगायला येईल, तेव्हा सुपरवायझरच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य पूर्ण गट लक्षात ठेवतो. ते वाक्य आधीच ठरवून ठेवावे: "वेळेत सांगितलेत, बरे झाले. आता आधी माल बाजूला काढू." कारणांची चर्चा नंतर.

तपासणी: गेल्या महिन्यात किती जणांनी आपणहून चूक कळवली? एकानेही नसेल, तर चुका थांबलेल्या नाहीत. त्या लपवल्या जात आहेत.

टप्पा ८: बक्षीस

इथपर्यंत आल्यावर बक्षिसाचा विचार करावा. डेसीने १९७१ मध्ये केलेल्या प्रयोगात आवडीने कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना पैसे देणे सुरू केले आणि मग थांबवले. त्यानंतर मोकळ्या वेळात ते कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळले. डेसी, केस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये १२८ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातूनही हेच दिसले की आधी जाहीर केलेले वस्तुरूप किंवा पैशांचे बक्षीस आवडीच्या कामातली गोडी कमी करते, तर मनापासूनची शाबासकी ती वाढवते. कंटाळवाण्या, एकसुरी कामाला हे फारसे लागू नाही. तिथे कमी करण्यासारखी गोडीच नसते, त्यामुळे मोजून दिलेला जादा मोबदला चालतो.

म्हणून बक्षीस बहुधा काम झाल्यावर, न सांगता द्यावे. ते गटाला द्यावे, आणि का दिले हे नेमके सांगावे. "महिन्याचा उत्तम कामगार" ही प्रथा मला अनेक ठिकाणी अपायकारक वाटते: पहिले दोन-तीन महिने खरे मानकरी निवडले जातात, मग पाळीपाळीने नावे लागतात आणि फोटोचा फलक सर्वांच्या थट्टेचा विषय होतो.

इशारा: पूर्ण हजेरीचे बक्षीस स्वयंपाकघरात आणि औषध कारखान्यात ठेवू नये. त्यामुळे जुलाब होत असलेला स्वयंपाकी आणि ताप आलेला ऑपरेटर आजार लपवून कामावर येतात.

टप्पा ९: सहा आठवड्यांनी वही पुन्हा उघडणे

त्याच पद्धतीने पुन्हा आठवडाभर नोंदी कराव्यात आणि आधीच्या नोंदींशेजारी ठेवून पाहाव्यात. सुधारणा झाली असेल, तर ती त्या माणसाला दाखवावी. झाली नसेल, तर सुपरवायझरने दिलेला शब्द पाळला गेला का हे आधी पाहावे. बहुतेक वेळा तोच राहिलेला असतो. तोही पाळला गेला असेल, तर काम बदलून देण्याचा विचार त्या माणसासोबत बसून करावा, आणि त्यालाही नकार असेल तरच कंपनीच्या नियमांनुसार लेखी समज देण्याकडे वळावे. ही समज मनुष्यबळ विभागाला विचारूनच द्यावी आणि तिच्यात पहिल्या वहीसारख्याच तारखा आणि घटना असाव्यात.

सुपरवायझरची मध्येच बदली झाली, तर दिलेल्या पण अपुऱ्या राहिलेल्या आश्वासनांची यादी नव्या सुपरवायझरला लेखी द्यावी, त्यातले प्रत्येक आश्वासन ज्याला दिले त्या माणसासमोर वाचून दाखवावे, आणि रजेच्या फिरत्या पाळीचा तक्ता त्याच फलकावर तसाच राहील याची खात्री करून घ्यावी.